बार्नमध्ये सापडलेली घोड्यांची अवजारं: रंगवून विकू की तशीच?

सांगलीकर_ओहायोत

राम राम मंडळी. गेल्या ऑक्टोबरात आम्ही ओहायोत, क्लीव्हलंडच्या दक्षिणेला तासाभरावर, एक जुनं शेतघर घेतलं. पाच एकर जागा आणि मागे लाकडी बार्न, म्हणजे गवत-अवजारांचं कोठार. विकणाऱ्या आजोबांनी खरेदीखतात 'बार्नमधलं सामान आहे तसं' असं लिहून दिलं होतं. मला वाटलं, दोन फावडी आणि चार रंगाचे डबे असतील. सडकं गवत आणि कबुतरांची घाण उपसायला लागलो तसं खालून एकेक लोखंड वर यायला लागलं.

एक गवत कापायचं यंत्र आहे. दोन लोखंडी चाकं, वर बसायला सीट, बाजूला सहा फुटी दातेरी पातं. ओतीवात 'मॅककॉर्मिक-डीअरिंग' आणि 'नं. ९' अशी अक्षरं आहेत. एक ऑलिव्हर कंपनीचा एका फाळाचा नांगर आहे, रुमणी लाकडाची. एक डंप रेक, म्हणजे वाकड्या दातांचा भलामोठा दंताळा, मधे माणूस बसतो. शिवाय पेरणीचं यंत्र. आपल्या तिफणीला चाडं असतं तशी याला लांबलचक लाकडी पेटी आहे आणि खाली नळ्यांची रांग. आणि एक सुटी ओतीव सीट, जाळीदार, अक्षरं कोरलेली. ती कुठल्या यंत्राची, देव जाणे.

भंगारवाला सगळ्याचे मिळून १५० डॉलर देतोय. बायको म्हणते देऊन टाक. मला वाटतं नीट करून विकावं. सुरुवातही केली आहे: ड्रिलला वायर ब्रश लावून ती सुटी सीट चकाचक केली आणि वर लाल इनॅमलचे दोन हात मारले. फोटो खाली जोडलाय. भाव कसा ठरवायचा, आणि विकण्याआधी किती खर्च करायचा?

---

टवाळ

घोडा कुठाय?

---

मातीची_चूल

वाचतेय. माझे आजोबा रुमणं धरायचे, त्यांच्या तळहाताला जे घट्टे होते ते आठवले. इथे तो शब्द खूप वर्षांनी दिसला.

---

फडताळ

सांगलीकर, आधी तो ब्रश खाली ठेवा!

मी पेन्सिल्वेनियात, लँकेस्टर काउंटीत राहतो. आजूबाजूला सगळी आमिश वस्ती, म्हणजे मोटारी-ट्रॅक्टर टाळून जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ. दर शनिवारी कुठला ना कुठला लिलाव असतो आणि हौस म्हणून मी पुष्कळ पाहिलेत. तुमचा प्रश्नच उलटा आहे. भाव अवजाराला नसतो, गिऱ्हाइकाला असतो. गिऱ्हाईक कोण हे ठरल्याशिवाय पान्यालाही हात लावू नका.

एक गिऱ्हाईक घोड्याने खरोखर शेती करणारं. तुमच्या दक्षिणेला होम्स काउंटी आहे, अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या आमिश वस्त्यांपैकी एक. ते शेतात ट्रॅक्टर घालत नाहीत, पर्शेरॉन नाहीतर बेल्जियन घोडे जुंपतात. त्यांना तुमच्या यंत्राच्या वयाशी देणंघेणं नाही. सोमवारी सकाळी जुंपलं तर चालेल का, एवढंच ते बघतात. दुसरं गिऱ्हाईक संग्राहक. त्याला जुना रंग हवा, उडालेला असला तरी मूळचा. चौकोनी डोक्याचे बोल्ट आणि चौकोनी नट हवेत. तुम्ही तिथे हार्डवेअरच्या दुकानातले षटकोनी बसवलेत की तो गाडीतून उतरतही नाही. तिसरं गिऱ्हाईक अंगणात ठेवून वर जिरेनियमच्या कुंड्या लावणारं. त्याला गंज हवा! तुम्ही गंज काढायला मेहनत घेणार आणि तो विचारणार, 'गंजलेलं नाही का दुसरं?'

आता तुमच्या मालाकडे बघू. नं. ९ हा खरा दागिना. तिचे दातेचक्र बंद पेटीत तेलात बुडालेले असतात. आधीच्या डीअरिंग आयडियलसारख्या यंत्रांचे उघडे असायचे, त्यात धूळ-माती जाऊन झिजायचे. नं. ९ चं उत्पादन थांबून सत्तरच्या वर वर्षं झाली, तरी घोडेवाले आजही तिलाच पहिली पसंती देतात आणि तिचे सुटे भाग आमच्या काउंटीत नवीन बनतात. दंताळ्याला कामाचं गिऱ्हाईक कमी, तो बहुतेक कुंपणाशेजारी जाणार. नांगर आणि पेरणीयंत्राचं बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

सीटबद्दल वाईट वाटतं, पण सांगतो. ओतीव सीट गोळा करणाऱ्यांची अमेरिकेत स्वतंत्र संघटना आहे. एखादं दुर्मिळ नाव असलेली सीट अख्ख्या यंत्रापेक्षा महाग जाते. नकली सीटही बाजारात खूप आहेत, म्हणून हे लोक आधी सीट उलटी करून ओतकामाचा पोत बघतात. तुम्ही पोत ब्रशने घासला आणि वर इनॅमल फासलं. आता ती खरी असली तरी नकलीसारखी दिसते.

---

सांगलीकर_ओहायोत

अरे देवा. हात आवरले असते तर बरं झालं असतं. सीटचं जाऊ दे. नं. ९ चालू आहे की नाही हे घोड्याशिवाय कसं कळणार?

---

टवाळ

म्हणजे घोडा नाहीच. तरीच म्हटलं. (हलके घ्या.)

---

फडताळ

@टवाळ, घोडा लागत नाही, धडधाकट मेहुणा पुरतो.

सांगलीकर, या यंत्राला इंजिन नाही. चाक जमिनीवर फिरतं, त्याच्या जोरावर आतली चक्रं फिरतात, शेवटी एक लाकडी दांडा मागेपुढे होतो आणि त्याला जोडलेलं पातं सुरीसारखं सरकतं. म्हणून: गिअर टाका, पातं उभं असेल तर आडवं करून मोकळं करा, माणसं लांब ठेवा आणि यंत्र हाताने पुढे ढकला. दांडा लगेच हलायला पाहिजे. अर्धा फूट ढकलल्यावर हलला तर आत झीज आहे. मग मागे ओढा. चाकांतून सायकलच्या फ्रीव्हीलसारखी टिक-टिक ऐकू आली पाहिजे. आवाज नाही आला तर चाकातल्या खिट्ट्या अडकल्यात, बहुधा जुन्या ग्रीसमुळे. तो आजार साधा आहे.

पेटीचं झाकण उघडून तेल बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. ओहायोतल्या थंडीत त्या पाण्याचा बर्फ होतो आणि ओतीव पेटी तडकते. खालच्या बाजूने बोट फिरवून तडा शोधा. पेटी तडकली असेल तर पुढचं सगळं विसरा आणि यंत्र सुट्या भागांसाठी विका.

तो लाकडी दांडा मोडका असला तरी घाबरू नका. तो लाकडाचा असतो तो मुद्दाम. पात्यात दगड अडकला तर स्वस्तातलं लाकूड मोडावं आणि महागाचं लोखंड वाचावं.

---

केमिकल_लोचा

गंज काढण्यावरून दोन शब्द, कारण लोक यूट्यूब बघून भलतंच करतात.

वॉशिंग सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढायची पद्धत चांगली आहे. गंज निघतो आणि चांगलं लोखंड खात नाही. गंजलेला भाग ऋण टोकाला जोडायचा, धन टोकाला टाकाऊ साधं लोखंड. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका. त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. हायड्रोजनही सुटतो, म्हणून हे उघड्यावर करा.

दुसरं, त्या काळच्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता. कोरडा सँडपेपर मारून धूळ उडवू नका. सांगलीकर, तुम्ही सीट घासताना मास्क लावला होता का? घरात लहान मूल असेल तर ते कपडे वेगळे धुवा.

---

सांगलीकर_ओहायोत

मास्क नव्हता. मुलगी चार वर्षांची आहे. कपडे टाकून दिले आज, आणि बार्नची फरशी ओल्या फडक्याने पुसली. खरंच धन्यवाद.

---

लोहारकाम

कोल्हापुरात आमचं वर्कशॉप आहे, ओतकामाच्या दुरुस्तीत हयात गेली. घोडा मी फक्त टांग्याला जुंपलेला बघितला, पण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, हे बीडच, ते ओहायोत असो नाहीतर शिरोलीत.

अडकलेल्या बोल्टवर हातोडा घालू नका. बीड वाकत नाही, तुटतं. बोल्ट गरम करायचा, लालभडक नव्हे, आणि मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत आपोआप शिरतं. गार होऊ द्यायचं, हळूच अर्धा आटा फिरवायचा, परत मागे. एका संध्याकाळी चार बोल्ट निघाले तरी भरपूर झालं म्हणा.

तुटलेल्या बिडाला साध्या रॉडने वेल्डिंग मारून देणारे पुष्कळ भेटतील. जोडाच्या शेजारी दुसऱ्या दिवशी नवी चीर पडते. निकेलचा रॉड, आधी सगळा भाग तापवायचा, इंच-इंच टाका घालायचा, ठोकायचा, मग राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर हळूहळू गार करायचा. नाहीतर पितळी झाळ. तीही दणकट असते, आणि दिसते म्हणून लपवाछपवी होत नाही.

आणि तो ऑलिव्हरचा नांगर. 'चिल्ड' असं लिहिलंय का कुठे?

---

सांगलीकर_ओहायोत

हो! 'ऑलिव्हर चिल्ड प्लाऊ वर्क्स, साऊथ बेंड, इंडियाना'. आणि एक तारीखही आहे, १८७० च्या दशकातली. म्हणजे नांगर दीडशे वर्षांचा? मग तर भाव चढवायला हवा.

---

फडताळ

थांबा, थांबा. ती तारीख पेटंटची आहे, बनवल्याची नाही. पेटंटची तारीख साच्यात एकदा कोरली की तोच साचा पुढे वर्षानुवर्षं वापरायचे. जाहिरातीत 'सन १८७० चा नांगर' लिहिलंत तर जाणकार हसतील आणि बाकीच्या मालावरही विश्वास ठेवणार नाहीत. नं. ९ बाबतही तेच. 'मॅककॉर्मिक' आणि 'डीअरिंग' ही एकेकाळी हाडवैरी घराणी. १९०२ साली दोन्ही इंटरनॅशनल हार्वेस्टरमध्ये विलीन झाली आणि हे जोडनाव यंत्रांवर यायला १९२० चं दशक उजाडलं. तुमची नं. ९ तर त्याहून उशिराची. नावावरून, आकड्यावरून अशी वयाची खालची मर्यादा काढता येते. पेटंटची तारीख फसवते.

---

लोहारकाम

चिल्ड म्हणजे साच्यातच थंड लोखंड ठेवून वरचा थर झटकन गार केलेला. वरचा पापुद्रा काचेसारखा टणक, आत साधं बीड. मातीत झिजत नाही म्हणून नाव झालं. पण त्याला भोक पाडायला जाऊ नका, ड्रिलचं टोक जाईल. आपल्याकडे फाळ भट्टीत घालून लोहार पाजवून देतो, तसं याचं करता येत नाही. झिजला की बदलायचा.

---

निळी_चिमणी

इंग्लंडातून डोकावतेय. आमच्या रीडिंगला ग्रामीण जीवनाचं संग्रहालय आहे, विद्यापीठाचं. इप्सविचच्या रॅन्सम्स नांगर कंपनीची जुनी कागदपत्रं तिथे आहेत, म्हणून हे सुचलं. मॅककॉर्मिक आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरची कागदपत्रं तुमच्याकडे विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. जुनी माहितीपुस्तकं, सुट्या भागांच्या याद्या. विकताना यंत्रासोबत त्या पुस्तकाची प्रत दिलीत तर गिऱ्हाईक खूश होतं, असा इथला अनुभव. माझ्या सासऱ्यांनी एक जुना नांगर केवळ पुस्तक सोबत होतं म्हणून घेतला. घोडा त्यांच्याकडेही नाही, @टवाळ.

---

कुंडलकर

धागा फार आवडला. आम्ही किर्लोस्करवाडीच्या शेजारचे. आमच्या परड्यात पणजोबांचा किर्लोस्कर नांगर पडून आहे. लक्ष्मणरावांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी घेईनात. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जाईल म्हणायचे. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. १९१० साली कारखाना कुंडलच्या माळावर आला, औंधच्या राजांनी जागा दिली, आणि मग हाच नांगर घरोघरी गेला. ही गोष्ट आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं, आणि शेवटी 'आपले लोक किती अडाणी होते बघा' असं एक वाक्य ठरलेलं असतं.

---

फडताळ

कुंडलकर, ते वाक्य काढून टाका. न्यू जर्सीत चार्ल्स न्यूबोल्डने १७९७ साली बिडाच्या नांगराचं पेटंट घेतलं, तेव्हा तिथले गोरे शेतकरी हेच म्हणाले होते. लोखंडाने जमीन नासते, तण माजतं. शंभर वर्षं आधी, अगदी हीच भीती.

---

कुंडलकर

काय सांगता! आमच्या शाळेत सांगायला हवं हे.

बरं, माझाही प्रश्न त्याच नावेत. तो नांगर विकावा का? भंगारवाला किलोवर घेतो. हायवेवरच्या एका कृषी पर्यटनवाल्याने मागितला, दारात उभा करायला, पण सोनेरी रंग मारून ठेवणार म्हणाला.

---

मातीची_चूल

सोनेरी??? नका देऊ.

---

लोहारकाम

कुंडलकर, आपल्याकडे कामासाठी घेणारा जवळपास संपला. बैलजोडी पोसायची कुणी? म्हणून सजावटवाल्याचाच भाव उरतो. आमिश लोकांसारखं गिऱ्हाईक आपल्याकडे नाही, खरा फरक इथेच आहे. सांगलीकरांच्या यंत्राला अजून काम आहे.

---

सांगलीकर_ओहायोत

तीन आठवड्यांनी हजर. बरंच काही झालं.

नं. ९ चं तेल काळं होतं, दुधाळ नव्हतं. पेटी शाबूत. मेहुणा मिळाला नाही म्हणून शेजाऱ्याला धरलं. ढकलल्यावर दांडा लगेच हलला, पण मागे ओढताना डाव्या चाकातून टिक-टिक येईना. चाक काढलं तर आत ग्रीसचा नुसता डांबर झालेला. घासलेटसारख्या द्रावणात धुतलं, खिट्ट्यांच्या स्प्रिंगा मोकळ्या झाल्या. रात्री अकरा वाजता दोन्ही चाकांतून टिक-टिक ऐकली आणि बायकोला उठवून ऐकवली. ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

पात्याचे २४ तुकडे, त्यातले ९ झिजलेले. रिव्हेट तोडून नवे बसवले. मेणबत्तीची युक्ती तंतोतंत चालली, लोहारकाम दादा, दंडवत. घोडे जिथे जुंपतात ती लांब दांडी कुणीतरी ट्रॅक्टरसाठी अर्ध्यावर कापली होती. नवीन दांडी अ‍ॅश लाकडाची घातली. इथे एका किड्याने अ‍ॅशची झाडं उभ्या-उभ्या वाळवली आहेत, त्यामुळे लाकूड मुबलक मिळालं. चौकोनी नट सगळे जपले. रंग अजिबात लावला नाही.

एक मूर्खपणा मात्र केला. दांडीला जवसाचं तेल दिलं आणि चिंध्या गोळा करून प्लास्टिकच्या बादलीत टाकल्या. तासाभराने बादलीतून धूर! नशीब, बादली बार्नच्या बाहेर होती.

---

केमिकल_लोचा

हे सांगायचं राहिलं माझं, माफ करा. जवसाचं तेल हवेशी संयोग पावताना तापतं, गोळा केलेल्या चिंधीत ती उष्णता अडकते आणि चिंधी आपली आपण पेटते. अशा चिंध्या एकेरी पसरून वाळवायच्या किंवा पाण्यात बुडवून ठेवायच्या. लाकडी बार्न आणि कोरडं गवत! वाचलात.

---

फडताळ

विकलं का? कसं? आतल्या बातम्या द्या. एक सूचना: पातं नुसतं धारदार असून भागत नाही. पात्याचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं पुढे असावं लागतं, दर फुटाला पाव इंच असा ढोबळ हिशेब. कारण ओढ लागली की ते मागे वाकतं. तुमच्या सहा फुटांना दीड इंच. घेणारा हे हमखास मोजणार.

---

सांगलीकर_ओहायोत

मोजलंच त्याने!

आमच्या भागात एका पशुखाद्याच्या दुकानात फळ्यावर चिठ्ठी लावली होती. एक आमिश गृहस्थ आले, साठीचे, सोबत दोन मुलगे. ते बाहेरच्या सगळ्यांनाच 'इंग्लिश' म्हणतात, त्यामुळे तासभर मी, सांगलीचा माणूस, इंग्लिश होतो. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. झाकण उघडून तेलात बोट घातलं, वास घेतला, बोटं चोळून बघितली. थोरल्याने ढकललं, धाकट्याने ओढलं. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. मग पात्याच्या दोन टोकांना दोरी लावून मोजलं. एक इंचच निघालं. माझा जीव खाली-वर. ते म्हणाले, हे मी घरी लावून घेईन. चाकं लोखंडीच आहेत हे बघून मात्र खूश झाले. आधीच्या कुणी रबरी टायर बसवले असते तर त्यांच्या धर्ममंडळीच्या नियमात ते शेतात चाललं नसतं.

मी ८०० मागितले. ते ५०० म्हणाले आणि गप्प बसले. मीही गप्प. असली शांतता मी मिरजेच्या बैलबाजारात वडिलांसोबत अनुभवली होती, फक्त तिथे भाव ठरवायला उपरण्याखाली बोटं धरतात. ६५० ला सौदा ठरला. माझा खर्च २१०, आणि चार वीकेंड.

नांगराच्या माती पलटणाऱ्या पत्र्यावर त्यांनी नख फिरवलं. खड्डे लागले. 'माती चिकटेल' म्हणाले आणि सोडून दिला. पेरणीयंत्राची पेटी खताने खालून खाल्ली होती, तेही नको. पण नळ्यांच्या वरचे बी सोडणारे ओतीव कप सुट्टे मागितले, त्यांच्या भावाच्या यंत्राला लागतात म्हणून. ४० डॉलर दिले. म्हणजे उरलेली पेटी आता नुसतं लाकूड.

---

टवाळ

आणि घोडा पाहिलात का शेवटी?

---

सांगलीकर_ओहायोत

पाहिला. यंत्र न्यायला ते गाडी भाड्याने घेऊन आले, पण धाकटा मुलगा दुसऱ्या दिवशी बग्गीतून परत आला, राहिलेली एक खिट्टी न्यायला. मुलगी घोड्यापासून हलायला तयार नव्हती.

दंताळा एका बाईंनी ७५ ला नेला, बागेसाठी. मी गंज काढला नव्हता, त्यामुळे त्यांना आवडला. नांगर कुंडलकरांचं वाचून ठेवून घेतलाय.

---

फडताळ

आणि ती लाल सीट?

---

सांगलीकर_ओहायोत

म्हाताऱ्याने जाता-जाता उलटी करून बघितली, परत सुलटी ठेवली आणि विचारलं, 'ही नवीन का?'